झिंगीची राखण

झिंगीचं काळीज वाढलंय हे ज्या दिवशी इस्तारीला कळलं, त्याच दिवशी आपली बायको कशानं गेली हेही त्याला कळलं. दोन्ही एकाच टेबलापाशी, एकाच डॉक्टरबाईच्या तोंडून.

चंद्रपूरच्या त्या दवाखान्यात मोनालीनं, त्याच्या लेकीनं, त्याला ओढूनच नेलं होतं. ती चंद्रपुरातच दिलेली. कुत्र्याला एवढ्या लांब बसनं न्यायचं म्हणजे इस्तारीला लाजल्यासारखं झालं होतं. झिंगीला त्यानं पिशवीत घातलं, वरून दुपट्टा टाकला आणि कंडक्टरनं विचारलं तेव्हा "कोंबडी हाय" म्हणाला. कोंबडी सारखी खोकत होती. कंडक्टर हसला आणि पुढं गेला.

आता झिंगी पत्र्याच्या टेबलावर कुशीवर पडली होती. छातीवरचे पांढरे केस भादरलेले. डॉक्टरबाई तरुण होती, हाताची नेटकी. पडद्यावर काहीतरी काळंपांढरं उघडमीट करत होतं, तिकडं पाहतच ती विचारत होती.

"काकाजी, आडवी झाली की खोकते का?"

"हाव."

"मग उठून बसते?"

"बसते ना. भिंतीले टेकून बसते. रातभर."

बोलून झाल्यावर त्याला उमगलं. झिंगी कधी भिंतीला टेकून बसली नव्हती. भिंतीला टेकून त्याची बायको, गिरजा, बसायची.

डॉक्टरबाईच्या ते ध्यानात आलं नाही. मोनालीच्या आलं. तिनं बापाकडं पाहिलं, मग खाली फरशीकडं.

"चालता चालता थांबते?"

"थांबते."

"पोट फुगल्यासारखं? खाणं कमी झालं?"

"पोटात पानी झालं म्हणते कोनी कोनी," इस्तारी म्हणाला. त्यालाच कळेना आपण कोणाबद्दल सांगतोय.

डॉक्टरबाईनं पडदा त्याच्याकडं वळवला. काळजाला एक झडप असते, दारासारखी. ती नीट लागेनाशी झाली की रक्त मागं फिरतं, काळीज थकतं, वाढतं, आणि छातीत पाणी साठतं. म्हाताऱ्या, लहान चणीच्या कुत्र्यांमध्ये होतं असं. बरं होत नाही, पण गोळ्या दिल्या तर दिवस चांगले जातात. एक गोळी पाण्याची, एक काळजाची. मीठ अजिबात नाही. झोपेत श्वास पाहायचा, धापेसारखा चालला तर आणायचं.

"मानसालेही होते काय असं?" इस्तारीनं विचारलं.

"होतं ना. काहींना लहानपणच्या तापातून झडप बिघडते, मोठेपणी त्रास होतो. वेळेवर कळलं तर औषधं आहेत."

"कोनी काई केल्यानं नाई होत?"

डॉक्टरबाईनं मान वर केली. "काय केल्यानं?"

"काई नाई," इस्तारी म्हणाला. "असंच."

त्यानं झिंगीला पिशवीत घातलं. या वेळी दुपट्टा टाकायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

*

इस्तारीचं गाव पोंभुर्णा तालुक्यात. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला मोठा तलाव, आणि तलावाच्या पाळीखाली, त्या मातीच्या बांधाच्या पायथ्याशी, ढिवरांची घरं. पुरुषांनी मासे काढायचे आणि बायांनी टोपलीत घालून विकायचे, अशी रीत. गिरजा आणि नीलाबाई लग्न होऊन या गावात आल्या तेव्हापासून जोडीनं बाजार करायच्या. एक टोपली उचलायला दुसरी हात लावी. दुपारी एकाच ताटात जेवायच्या, कारण दोघींनी दोन ताटं कशाला वाहायची. नीलाबाईचा नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही. पण मच्छीमार सोसायटीत नवऱ्याच्या नावाचा वाटा होता, तो तिला मिळत राहिला.

झिंगी आली ती याच दोघींच्या टोपलीतून. कोळशाच्या खाणीवरच्या एका साहेबाच्या घरी त्या मासे देत. साहेबाची बदली झाली आणि साहेबाच्या बाईनं हे एवढंसं, केसाळ, डोळे मोठे असलेलं कुत्रं गिरजाच्या रिकाम्या टोपलीत ठेवून दिलं. गावानं पोट धरून हसून घेतलं. लटारू, इस्तारीच्या मासेमारीच्या डोंग्यावरचा जोडीदार, म्हणाला होता, "वहिनी, हे कुत्रं हाय का ससा? भाजी करून टाका."

"हसजा तुमी," गिरजा म्हणाली होती. "माही झिंगी कावळ्याइले पुरून उरते."

आणि ते खरं निघालं. अंगणात चटईवर मासोळी वाळत घातली की झिंगी तिच्याजवळ जाऊन बसायची. कोणी शिकवलं नव्हतं. कावळे झाडावर, अंगणाभोवतीच्या काटक्यांच्या कुडावर, डोंग्याच्या काठावर रांग लावून बसत, पण खाली यायची एकाची छाती नव्हती. स्वतः मात्र चटईवरच्या मासोळीला तोंड लावायची नाही. गिरजा देईल तेव्हा खायची.

मग गिरजा चालताना थांबायला लागली. पाळीवर टोपली उतरवून ठेवायची आणि छातीला हात लावून उभी राहायची. इस्तारी पुढं गेलेला असायचा. मागं वळून तो म्हणायचा, "चाल ना व! तू येयपर्यंत तलाव आटून जाईन." तिच्या पायावर सूज आली, पोट फुगलं. मोनाली फोनवर म्हणत होती, चंद्रपूरला घेऊन या. इस्तारीनं आधी शेजारच्या गावच्या जाणत्याकडं नेलं, आणि जाणत्याकडं नेल्यावर दवाखाना राहूनच गेला.

जाणत्यानं पळसाच्या पानावर तांदूळ टाकले, ते कसे पडले ते पाहिलं आणि म्हणाला, जिच्यासंगं एका ताटात जेवते, तिचंच हे.

"येडे झाले का तुमी?" गिरजा म्हणाली. पण भांडायला तेवढा दम लागतो. तो तिच्याजवळ राहिला नव्हता.

इस्तारीनं नीलाबाईला अंगणातूनच परत पाठवलं. ती भाकरी आणि मरळ माशाचा रस्सा घेऊन आली होती. मोनाली तेव्हा माहेरी आलेली होती. तिनंही मावशीला नको नको ते ऐकवलं. झिंगी नीलाबाईच्या मागं कुडापर्यंत गेली, तर इस्तारीनं तिला दोरीनं खांबाला बांधलं. पोळ्याच्या आठवड्यात गिरजा गेली. शेवटचे दिवस ती दाराकडं पाहत होती, ते कोणासाठी, हे विचारायची इस्तारीला गरज नव्हती आणि हिंमतही नव्हती.

दहाव्याला तलावाच्या काठावर पिंड ठेवलं. कावळा शिवेना. ऊन चढलं. माणसं, बाया, पोरं, मोनालीनं सोडून आणलेली झिंगी, सगळे ताटकळून बसले. कावळे मोहाच्या झाडावर होते; होते म्हणजे भरपूर होते. पण खाली येईना एकही. गिरजाचा भाऊ म्हणाला, मोनालीला अंतर देणार नाही. नाही आला. वामनराव, सोसायटीचे अध्यक्ष आणि भावकीतले वडीलधारे, म्हणाले, गिरजाबाई, इस्तारीकडं आमी पाहू. नाही आला. कोणीतरी पुटपुटलं, तिच्या मनात काय हाय ते सर्व्याइले माहीत हाय, बोलून टाका.

तेव्हा इस्तारी उठला. दहा दिवसांचं सगळं त्याच्या नरड्यात आलं. तो ओरडला, "जिनं तुले खाल्लं, त्या नीलीले म्या या पाळीवर पाय ठेवू देनार नाई!" गळा फाटेपर्यंत ओरडला.

आणि कावळा उतरला. पिंडाला चोच लावली. मग दुसरा, तिसरा.

सगळ्यांनी पाहिलं. बैठक झाली नाही, ठराव झाला नाही. वामनराव एवढंच म्हणाले, "आता कावळ्यानंच सांगतलं." त्या दिवसापासून नीलाबाईचा वाटा बंद झाला. बाया तिच्याजवळून मासे घेईनात, नळावर तिची घागर आली की आपली काढून घेत. ती लांब, मूल गावच्या बाजारात जायला लागली, तिथं तिला कोणी ओळखत नव्हतं. ताजे मासे मिळत नाहीत, म्हणून दुसऱ्या गावातून घेतलेली खारवलेली सुकी मासोळी विकायची. आणि तलावाच्या पाळीवरून न जाता खालून, पाझरानं बाराही महिने चिखल असलेल्या वाटेनं, घरी यायची.

इस्तारीला वाटत होतं, मेलेल्या बायकोला दिलेला एक शब्द तरी आपण पाळला.

*

दवाखान्यातून निघाल्यावर मोनाली बसस्टँडपर्यंत आली. बाकावर दोघं बसले, मध्ये पिशवी. झिंगी तोंड बाहेर काढून येणाऱ्याजाणाऱ्याकडं पाहत होती.

"बाबा, आईलेही हेच होतं."

"हाव."

"म्या मावशीले शिव्या देल्या होत्या. रांड म्हनलं तिले म्या."

इस्तारीनं झिंगीचं डोकं पिशवीत आत सारलं.

"तुमी तिच्याकडं जा. तुमी गेले का म्या येतो. म्या पहिले गेलो तं ती म्हनन, बाप कुठी हाय."

"पाहू," इस्तारी म्हणाला.

"पाहू काय पाहू? आईच्या वक्तीही तुमी पाहूच म्हनत होते."

बस लागली म्हणून बरं झालं.

गावात उतरला तर लटारू पाराशीच बसला होता. गोळ्यांची पाकिटं पाहून त्याला चेव आला. "काय म्हनते इस्तारीभाऊ, कुत्र्याच्या काळजाची गोळी? माह्या बायकोचं काळीज गोट्याचं हाय, तिच्यासाठी भेटते काय?" बाकीचे हसले. मग कोणीतरी मागून, फार मोठ्यानं नाही, म्हणालं, "बायकोले नाई नेलं बाप्पा, कुत्र्याले नेलं."

हे इस्तारीला लागलं, पण त्याचा राग करता येईना. खोटं काय होतं त्यात?

गोळी द्यायची म्हणजे एक सोंगच होतं. भाकरीत घातली तर झिंगी भाकरी खाऊन गोळी बाजूला काढून ठेवायची, अगदी माणसासारखी. मग त्यानं रोहूचा तुकडा बिनमिठाचा उकडायला सुरुवात केली, काटे काढून त्याच्या पोटात गोळी दाबायची. सकाळी एकदा, सांजेला एकदा. गिरजाला त्यानं कधी पाण्याचा तांब्याही भरून दिला नव्हता, आणि आता चुलीपुढं बसून कुत्र्यासाठी काटे वेचत होता. कोणी आलं की तो ताटली मागं सारायचा. पाण्याच्या गोळीनं झिंगीला सारखं बाहेर जावं लागे, म्हणून दोरी सोडावी लागली. ती झोपली की तो तिच्या बरगड्यांकडं पाहत बसे. अशा बसून पाहायच्या रात्री गिरजाच्याही होत्या. तेव्हा तो कूस बदलून झोपला होता.

चार दिवसांनी तो वामनरावांकडं गेला. वामनराव माणूस वाईट नव्हते. त्यांनी चहा सांगितला, ऐकून घेतलं, आणि मग मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "हे पाय इस्तारी, डॉक्टरीनबाईनं कुत्र्याचं पाह्यलं. गिरजाचं तिनं पाह्यलं काय?"

"नाई, पन तेच होतं सर्व. तसंच."

"तसंच असन. पन मंग कावळा काऊन आला? तू नाव घेतलं आन आला. साऱ्या गावानं पाह्यलं. कावळा खोटं बोलला म्हनतं काय?"

इस्तारी पुढ्यातल्या कपाकडं पाहू लागला.

"आन समज, तुहं खरं हाय," वामनराव हळू आवाजात म्हणाले. "तं साऱ्या गावानं एका रांडवल्या बाईच्या तोंडचा घास काढला, असं होते. हे कोन कबूल करन? तू उभा राहून म्हनशीन, तं तुलेच म्हनतीन, कुत्र्याच्या नादानं याचं डोस्कं फिरलं. चहा घे."

इस्तारीनं चहा घेतला. गोड होता. आपल्याला बरं वाटलं, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याची मान खाली गेली. वामनरावांनी त्याला न बोलण्याची परवानगी दिली होती आणि तो तेवढ्याचसाठी आला होता.

*

दोरी सुटलेली झिंगी कुठं जाते हे त्याला थोड्या दिवसांनी कळलं. सकाळी पाळीवरून चालत, थांबत, बसत, पुन्हा चालत ती तलावाच्या पार त्या टोकाला, नीलाबाईच्या घरी जायची. आणि परत आली की तिची धाप वाढलेली असायची. पोट पुन्हा फुगायला लागलं. इस्तारी एक दिवस मागं गेला. कुडाच्या फटीतून त्यानं पाहिलं. नीलाबाई उंबऱ्यावर बसून मोठ्या मायेनं सुक्या मासोळीचे तुकडे करून झिंगीला भरवत होती. खारवलेली मासोळी. बोलत होती तिच्याशी. "ये माय. तू तरी येतं."

खाऱ्यानं पाणी साठत होतं. आत जाऊन एक वाक्य सांगायचं होतं. इस्तारी कुडाशी उभा राहिला, खाकरायला तोंड उघडलं, आणि परत फिरला.

पाळीवर लटारू जाळं सावरत बसला होता. झिंगी धापा टाकत मागून येत होती. मध्येच तिचे पाय मुडपले आणि ती आडवी झाली. इस्तारी धावला. तिला उचललं, तिचं डोकं त्याच्या कोपरावर लोंबत होतं. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले.

"तिच्याकडूनच आली ना?" लटारूनं विचारलं. तो आता थट्टा करत नव्हता, त्याचा चेहरा उतरला होता. "वहिनीले खाल्लं, आता कुत्र्याच्या मागं लागली. पाह्यलं ना? म्या सांगतो गावात. बांधून ठेव तिले."

इस्तारीला माहीत होतं हे मिठानं झालं. गोळ्यांचं पाकीट त्याच्या खिशात होतं. डॉक्टरबाईचा शब्दन् शब्द त्याला पाठ होता. लटारू त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार होता, त्याच्यापुढं बोलायला कसली भीती? पण तो झिंगीला छातीशी धरून नुसता उभा राहिला. एकदा चुकून माणूस बोलून जातो. हे न बोलणं चुकून नव्हतं.

सांजेपर्यंत गावात झालं की नीलीनं कुत्र्यालाही काही केलं. दुसऱ्या दिवशी नीलाबाईच्या दारातली मासोळीची टोपली कोणीतरी चिखलात पालथी केली.

ते ऐकलं तेव्हा मात्र इस्तारीला घरात बसवेना. तो पाळीवरून न जाता खालच्या वाटेनं गेला. चिखलात पाय रुतत होते. ही नेहमी इथून जाते, टोपली घेऊन, हे त्याच्या पायांनाच कळत होतं.

नीलाबाई मासोळी धुऊन पुन्हा वाळत घालत होती. त्याला पाहून तिनं पदर सावरला. हातातलं काम थांबवलं नाही.

"इस्तारीभाऊ, कुत्रं मेलं काय? तेही माह्याच नावावर टाकाले आले?"

"जित्ती हाय." तो कुडाबाहेरच होता. "तिले खारं देत नोको जाऊ, नीलाबाई. काळजाचं दुखनं हाय तिले. मिठानं पानी भरते."

तिचे हात थांबले. "म्या चारून राह्यलो होतो तिले. रोज." तिनं हात पदराला पुसले. "मले काय मालूम बाप्पा. कोनी सांगतलं नाई मले." मग ती त्याच्याकडं पाहतच राहिली. तिला सगळं आपोआप कळत गेलं. धाप. सूज. थांबत थांबत चालणं. टोपलीला हात लावणारी तीच होती; इस्तारीपेक्षा तिनं ते जास्त पाहिलं होतं.

"आन गिरजाले?"

"तेच," इस्तारी म्हणाला. "तेच होतं."

नीलाबाईनं पुढ्यातली मासोळी बाजूला सारली. मग खाली बसली, तोंडात पदर घातला आणि रडली. स्वतःसाठी नाही, असं इस्तारीला वाटलं. "म्या तिले म्हनत होतो, दवाखान्यात चाल म्हून. माह्यासंगं चाल. ती म्हने, ते येतीन ना जाळ्यावरून, मंग पुसतो."

इस्तारीनं कुडाची काठी घट्ट धरली. "माहं चुकलं, नीलाबाई."

"मले कायले सांगता?" तिनं डोळे पुसले. "म्या काई केलं नाई, हे मले तं पहिल्यापासून मालूम हाय. ज्याइच्यासमोर बोलले होते, त्याइच्यासमोर बोला. तिथीच, पाळीवर. तसंच मोठ्यानं."

तो मान हलवून निघाला. मागून ती म्हणाली, "झिंगीले पाठवत जा. बिनमिठाची उकडून ठेवीन."

*

उन्हाळा लागला. झिंगीला आराम पडला, म्हणजे पडल्यासारखा. खोकला होता, पण रात्री झोपत होती. इस्तारीनं अंगणात चटईवर झिंगे वाळत घातले होते. झिंगी जाऊन शेजारी बसली, आपली जुनी राखण करायला. कावळे कुडावर जमले. तिनं मान वर केली एवढंच. भुंकायला तिच्यात आता ताकद नव्हती. तरी एकही उतरला नाही.

उन्हात बसून हिला धाप लागेल म्हणून इस्तारी ओसरीवरून ओरडला, "झिंगे! हट! चाल घरात!"

झिंगी दचकली, शेपूट पायात घालून आत आली. आणि तिची पाठ वळते ना वळते तोच कावळा चटईवर उतरला. मग दुसरा, तिसरा.

इस्तारीनं त्यांना हाकललं नाही.

त्याला तो दहावा दिसला. पिंड, पिंडाला लावलेला मोहाच्या पानांचा आडोसा, आणि त्या पानांच्या सावलीत पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून बसलेलं ते पांढरं, केसाळ गाठोडं. मालकिणीच्या घासाजवळ बसलं होतं, कावळ्यांकडं पाहत. सकाळपासून. आणि आपण उठून ओरडलो तेव्हा ते उठून पळालं होतं, मोनालीच्या लुगड्याआड. त्यानं पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या वेळी ते पाहण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

कावळा नीलाबाईच्या नावाला आला नव्हता. कुत्रं उठलं म्हणून आला होता. त्यानं तिथं उभं राहून तलावाचं नाव घेतलं असतं, लटारूचं घेतलं असतं, तरी आला असता.

झिंगे सगळे कावळ्यांनी नेले. इस्तारी ओसरीवरच बसून होता. वामनरावांच्या प्रश्नाचं उत्तर आता त्याच्याजवळ होतं, आणि त्यामुळं न बोलायला काही कारण उरलं नव्हतं.

*

वैशाखात पाणी खाली गेलं की तलावात मोठं जाळं ओढतात. सगळी घरं पाळीवर असतात. त्या दिवशी इस्तारीनं मनाशी ठरवलं होतं. झिंगीला सकाळची गोळी दिली, दुपट्ट्यात घेतलं आणि तो गेला. जाळं ओढताना त्याला मागून मोहाचं झाड दिसत होतं.

मासे निघाले, ढीग लागले, वाटे पडले. वामनराव पाळीवर उभे राहून नावं घेत होते, आणि एक नाव ते वगळत होते, तिथं थांबतसुद्धा नव्हते. पाळ जिथं सुरू होते तिथं, खाली, चिखलाच्या वाटेवर नीलाबाई उभी होती. पाळीवर पाय न ठेवता. तिला त्यानंच सांगितलं होतं, ये म्हणून.

"झालं?" वामनरावांनी विचारलं. "आनखी कोनाचं काई?"

इस्तारी उठला. "माहं हाय."

सगळे त्याच्याकडं वळले. लटारू चिलीम भरता भरता थांबला. वामनरावांनी डोळे बारीक केले. मागच्या वेळी तो इथंच उभा राहिला होता, तेव्हाही हेच चेहरे होते, पण तेव्हा त्याच्यात राग होता आणि रागाला आवाज असतो. आता त्याच्याजवळ फक्त खरं होतं. त्यानं तोंड उघडलं. दुपट्ट्यात झिंगी खोकली.

"झिंगीले," तो म्हणाला, "झिंगीले कोनी खारं देऊ नोका. तिच्या काळजाले चालत नाई."

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग पाळभर हशा पिकला. "येवढ्यासाठी उभा झाला काय बाप्पा!" लटारू ओरडला. "लिहून लावू ना ग्रामपंचायतीत!" वामनरावही हसले, आणि त्यांच्या हसण्यात सुटल्यासारखं काहीतरी होतं. बायांनी टोपल्या उचलल्या.

इस्तारीनं वाटेकडं पाहिलं. नीलाबाई वळून चालली होती. घाई नव्हती तिला. चिखलातून एक एक पाय काढत ती जात होती.

त्यानं आपल्या वाट्यातला अर्धा तिच्या कुडापाशी नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथंच होता, कावळे त्यावर बसले होते. तिनं हात लावला नव्हता.

झिंगी मात्र अजून रोज तिकडं जाते. आता तिला पाळ चालवत नाही, म्हणून इस्तारी तिला उचलून खालच्या वाटेनं नेतो आणि कुडाच्या आत सोडतो. नीलाबाई बिनमिठाचा उकडलेला तुकडा घेऊन बाहेर येते. झिंगीशी बोलते. इस्तारीशी बोलत नाही, आणि तो बाहेर उभा राहतो. मोनाली फोनवर विचारते, "बोलले काय?" तो म्हणतो, "पाहू." मग तिकडून फोन ठेवल्याचा आवाज येतो.

डॉक्टरबाईनं गोळी वाढवून दिली आहे. झिंगी पुढच्या पोळ्यापर्यंत राहील की नाही, हे ती सांगू शकत नाही.

नीलाबाईचा वाटा बंदच आहे. ती अजून चिखलाच्या वाटेनं येते जाते. पाळीवर उभं राहून इस्तारीनं जे बोलायचं होतं, ते त्यानं अजून बोललेलं नाही.